शनिवारचं चाक

आमच्या घरात रंगांना रंगांची नावं नव्हती, खाण्याची होती. नुसतं हिरवा म्हणून भागायचं नाही. पोकळ्याचा हिरवा, शेपूचा हिरवा, कारल्याचा हिरवा, आवळ्याचा हिरवा, असं नीट सांगावं लागायचं. तपकिरी म्हणजे काकवी, तिच्याहून फिका म्हणजे गुळाची ढेप, आणि त्यात जरा करडेपणा आला की नाचणीची अंबील. तांबड्यात तर इतके प्रकार की विचारू नका; यंदाचं तिखट आणि गेल्या सालचं तिखट हेसुद्धा आमच्याकडे दोन वेगळे रंग होते. ही सगळी नावं आईची. आबा रंगारी असले तरी त्यांना रंग दिसायचा, नाव सुचायचं नाही. संध्याकाळी जेवायला बसताना ते खिशातून कागदाची पुडी काढायचे, तिच्यातली रंगाची खपली ताटाच्या कडेला चटणीशेजारी ठेवायचे आणि आईला विचारायचे, ही कशात बसती बघ. आई आधी तोंड सोडायची, ताटात विष आणू नका म्हणून किती वेळा सांगायचं. मग वाकून बघायचीच. ती म्हणायची जवसाची चटणी, आबा म्हणायचे कारळ्याची, आणि भाकरी गार होईपर्यंत दोघांचं भांडण चालायचं. मी मधे बसून जेवत असायची. माझं अर्धं शिक्षण त्या ताटांवर झालं.

आमचं घराणं चाकांचं. आजोबांनी संस्थानाच्या काळात बग्ग्यांची आणि टांग्यांची चाकं रंगवली. बग्गीचं अंग दुसऱ्याकडे, गादी तिसऱ्याकडे आणि चाक आमच्याकडे, अशी वाटणी होती. आऱ्यांवर सोनेरी रेघ ओढताना आजोबा श्वास धरायचे असं आबा सांगायचे. मी काही त्यांना पाहिलं नाही. पुढे बग्ग्या गेल्या आणि ट्रक आले, तेव्हा आबांनी ब्रश तेवढा जाड घेतला, चाक सोडलं नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या बाजाराच्या मागच्या अंगाला गाड्यांच्या दुरुस्तीची एक ओळ होती. लोहार, टायरवाले, स्प्रिंगवाले, आणि त्यांच्यात आमचं पत्र्याच्या छपराचं दुकान. शेजारच्या गाळ्यात माझे चुलते, अण्णा. ते आबांचे थोरले भाऊ. ट्रकची बॉडी ते रंगवायचे. मागच्या फळीवर मोर, बाजूला कमळ, वर मालकाच्या देवाचं नाव. माणसं अण्णांच्या मोराकडे मान वर करून बघायची आणि चाकाकडे कुणी बघायचं नाही. चिखल बसायच्या जागेला रंग कशाला, अशी थट्टा व्हायची. त्यावर आबांचं ठरलेलं उत्तर होतं, गाडी चाकावर उभी ऱ्हाती, मोरावर न्हाय. अण्णा हसायचे आणि तंबाखूची चंची पुढे करायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या वेळी आमच्याकडचे ट्रकवाले वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, चाक पुरतं रंगवून घ्यायचे. मधे नाही म्हणजे नाही. मधेच चाकाला नवा हात दिला की गाडीचं नशीब पलटतं, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ज्याची गाडी बरी चालली आहे तो कशाला नशीब पलटून घेईल? पण रस्ते ते तसले. घाटात दगडाला चाक घासायचं, पंक्चर काढताना पहारीनं रिमच्या कडेचे टवके उडायचे. मग तेवढ्याच जागेला रंग लावायचा. आम्ही त्याला ठिगळ म्हणायचो. ऊन-पाऊस-धूळ खाऊन चाकाचा रंग मूळचा राहिलेला नसायचा, त्यामुळे डब्यातला रंग काढून फासला तर कपाळावर कुंकू लावल्यासारखा उठून दिसायचा. आज चाक जसं दिसतंय तसाच रंग घोटून मिळवायचा, हे आमचं काम. आणि त्याची परीक्षाही ओळीत सगळ्यांसमोर व्हायची. रंग वाळला की मालकानं येऊन ठिगळ शोधायचं. सापडलं तर सगळी ओळ हुर्यो करायची आणि काम पुन्हा करून द्यायचं. नाही सापडलं तर मालक विचारायचा, कुठं लावलंय? आबा सांगायचे नाहीत. कितीही आर्जवं करा, सांगायचे नाहीत. हातातला ब्रश पुसत आत निघून जायचे. त्यांची ती पाठ बघितली की मला आपला बाप राजा वाटायचा.

आमचं घर दुकानाच्या मागेच, मधे एक दार. सकाळी लोहाराचा घण सुरू झाला की मला जाग यायची, मग स्टेशनातल्या गाडीची शिटी, मग ट्रकचं हँडल मारताना ड्रायव्हरांच्या शिव्या. घरात गुळाचा, टर्पेंटाइनचा आणि भाकरीचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. माहेरपणाला आलेल्या आत्या नाकाला पदर लावायच्या, आम्हाला काही जाणवायचं नाही. रंग मिळवला की त्याचं बोट पत्र्याच्या तुकड्यावर ओढायचं आणि तो तुकडा चुलीच्या उबेला ठेवायचा, कारण ओला रंग खोटं बोलतो आणि वाळल्यावर खरं सांगतो. आईच्या चुलीभोवती असले रंगीत तुकडे पडलेले असायचे. त्यांना ओलांडून ती भाकऱ्या थापायची आणि तोंडानं आमचा उद्धार करायची, पण एकाही तुकड्याला तिचा कधी धक्का लागला नाही. मला भाऊ नव्हता. फरशीवर रंग घोटायला मी परकर नेसायच्या वयापासून बसायची. सफेदा, पिवडी, हिरमीज, काजळी, निळा, आणि जवसाचं उकळलेलं तेल. मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी उठवलंही नाही. मॅट्रिक होईपर्यंत अशी वेळ आली होती की आबा ठिगळ लावायचे, पण रंग पुष्कळदा माझा असायचा. ओळीतल्या लोकांना ते ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. गणपाची पोरगी हाय, घोटती, बास.

त्या सुमाराला आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांना तो कळला नाही, कारण तो हळूहळू आला. आधी ते डब्यांवर चिडायला लागले, निळा पयल्यासारखा येत न्हाय म्हणायचे. मग आईला म्हणायचे तू पोकळ्यात हळद का घातलीस. एकदा मी घरी नसताना एका निळ्या चाकाला त्यांनी एकट्यानंच ठिगळ लावलं. मी शाळेतून आले तेव्हा ओळीतली माणसं त्या ट्रकभोवती जमली होती. निळ्या चाकावर तळहाताएवढा काळा डाग. कुणी मुक्का मारल्यावर पडावा तसा. निळा कुठे संपतो आणि काळा कुठे लागतो, हे आबांना आता दिसत नव्हतं. नेहमीची हुर्यो झाली, पण ती अर्ध्यातच विझली, आणि ते हुर्योपेक्षा वाईट होतं. आबा दुकानाच्या ओट्यावर बसले होते. मला बघितल्यावर त्यांनी विचारलं, चुकलंय का गं? मी हो म्हटलं. आमच्या घरात रंगाच्या बाबतीत खोटं बोलायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णा घरी आले. ते दुष्ट नव्हते हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्या घरात पुढे बरीच वर्षं त्यांच्यावर उगाच राग धरला गेला. आईच्या हातचा चहा बशीत ओतत ते म्हणाले, गणपा, बापाचं नाव हाय ओळीत. हाय तवर दार लावावं. पलीकडचा टायरवाला जागा मागत होता, त्याला दुकान द्यावं, आबांनी घरी आराम करावा आणि शालनचं, म्हणजे माझं, लग्न उरकून टाकावं. गडहिंग्लजकडचं स्थळ त्यांच्या डोळ्यासमोर होतंच. आई पदराशी चाळा करत उभी राहिली. आबांनी आपली बशी बाजूला सारली. मग म्हणाले, आणि एकदा हुर्यो झाली की त्या दिवशी दार लावतो. टायरवाल्याला तवर थांब म्हण. मला लग्नाचं वावडं नव्हतं. पुढे केलंच की मी, आणि चांगलं चाललं. पण ते दुकान मला हवं होतं. त्या फरशीवर बसले की मला जे वाटायचं ते वर्गात पहिला नंबर आल्यावरही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून दारात ट्रक उभा राहिला की मी आधी पलीकडच्या टायरवाल्याकडे बघायची. बरीच चाकं नीट पार पडली. रंग मी मिळवायची, ब्रश आबांच्या हातात द्यायची, ओळ गप्प बसायची. आणि मग तो शनिवार आला.

आबा शनिवारी चाकाचा रंग मिळवायचे नाहीत. घासकाम करतील, डबे धुतील, ब्रश टर्पेंटाइनमधे भिजत घालतील, पण रंग नाही. शनिवार मारुतीचा, आबांचा काही नेम असेल, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आईनंही तसंच धरलं होतं, आणि ती त्या दिवशी त्यांना उपासाची भगर करून घालायची. आबा ती मुकाट्यानं खायचे. तर त्या शनिवारी दुपारी शिरोळचे पाटील ट्रक घेऊन दारात आले. ट्रक त्यांचा स्वतःचा, एरवी गूळ वाहायचा. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न नेसरीला होतं. बायकामाणसं कोल्हापुरात भावाकडे उतरली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड याच ट्रकमधून निघायचं होतं. येताना ट्रक कठड्याला घासला होता आणि पुढच्या चाकाचा चांगला वीतभर रंग खरवडून निघाला होता. जखमी चाकानं नवरी न्यायची नाही, असं पाटलीणबाईंनी बजावलेलं. आणि नेसरीची माणसं नाव ठेवण्यात आधीच पटाईत.

आबा ओट्यावरूनच म्हणाले, आज शनवार हाय, उद्या या. पाटील म्हणाले, उद्या येऊन काय करू, उद्या लगीन हाय. ते रागानं नव्हे, काकुळतीला येऊन बोलत होते. एवढा मोठा मिशाळ गडी, पण लेकीच्या लग्नापायी हात जोडायला आला होता. आबांनी मान हलवली. तोवर अण्णा शेजारच्या गाळ्यातून हात पुसत आले होते. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, त्यो भ्यायलाय, पोरी. शनवारचं निमित्त हाय. मला ते ऐकवेना. म्हणजे आता ओळीला असं वाटणार की हुर्योच्या भीतीनं माझा बाप देवामागे दडतोय. मी पदर खोचला आणि पाटलांना म्हटलं, "मी लावतो. गाडी पुढं घ्या."

चाक हिरवं होतं. काय सुरेख हिरवं होतं म्हणून सांगू. ताजी शेपू, नुकती फोडणीत टाकलेली. मी फरशीवर बसले आणि हात असा चालला की माझं मलाच नवल वाटलं. पिवडी, निळा, बोटभर सफेदा. तुकड्यावर ओढला, आईच्या चुलीशी वाळवला, चाकाला लावून धरला. कुठे तुकडा संपतो आणि कुठे चाक लागतं ते दिसेना. पाटलांनी बघितलं, त्यांच्या ड्रायव्हरनं बघितलं, समोरचा लोहार घण ठेवून आला आणि त्यानंही बघितलं. अण्णा चष्मा वर करून, खाली करून बघत होते. ते म्हणाले, बेस. बेस जमलंय. खरं सांगते, मी फुगले होते. आबांच्या मदतीवाचून, भर दुपारी, सगळ्या ओळीसमोर.

मग आबा ओट्यावरून उठले. भिंतीला हात लावत ते ट्रकपाशी आले. तुकडा हातात घेतला, चाकाशी धरला, आणि मला माहीत होतं की त्यांना त्यातलं काही दिसत नाही. अण्णा हलकेच म्हणाले, गणपा, जमलंय रं, राहू दे. आबांनी तुकडा मला परत दिला. उजव्या हाताचा अंगठा चाकावरून फिरवला, अगदी सावकाश, पोराच्या गालावरून फिरवावा तसा. तो अंगठा नाकाशी नेला. मग जिभेला लावला. आणि पाटलांच्या ड्रायव्हरकडे तोंड करून विचारलं,

"सकाळी मारुतीला गेलतास?"

ड्रायव्हर म्हणाला, जातो की आबा, दर शनवारी जातो. तेल घालून येतो.

"आणि उरलेलं तेल?"

ड्रायव्हर पाटलांकडे बघायला लागला. उरलेलं तेल त्यानं चाकांना चोळलं होतं. त्यात चूक काय, सगळेच चोळायचे. मारुतीच्या अंगावरून आलेलं शेंगतेल. त्यानं गाडीला नजर लागत नाही आणि वर चाक झळाळतं. उद्या नवरी बसणार म्हणून त्यानं जरा जास्तच चोळलं होतं. लोहार हसायला लागला, कारण त्याच्या दारात उभ्या असलेल्या ट्रकची चाकंही तशीच लकाकत होती. कोल्हापुरातला दर ट्रक शनिवारी नटतो हे आम्ही सगळे जन्मापासून बघत होतो, मी धरून, आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मारुतीच्या तेलाचा आणि रंगाचा संबंध कोण लावणार? देवाची गोष्ट देवाकडे, धंद्याची धंद्याकडे.

आबा मला म्हणाले, "शालन, हे चाक नटलंय गं. पूस आधी. मग बघ त्याचं तोंड."

आईनं धुण्याचा सोडा घालून पाणी तापवून दिलं. मी आणि ड्रायव्हरनं मिळून चाक घासलं, फडक्यानं कोरडं केलं. आणि बघता बघता ती ताजी शेपू विझली. खाली निघालं ते फिक्कट, भुरकट, दमलेलं हिरवं. मी माझा तुकडा त्याच्याशी धरला आणि माझे कान गरम झाले. तो दहा हातांवरून ओळखू आला असता. पाटील कपाळाला हात लावून उभे होते, कारण त्यांच्या ध्यानात आलं होतं की नेसरीपर्यंतच्या धुळीनं तेल शोषलं असतं आणि व्याह्याच्या दारात ठिगळ उघडं पडलं असतं. ड्रायव्हरनं सुचवलं की मग लग्न होईस्तोवर घटकेघटकेला तेल लावू. आबांनी त्याला विचारलं, लग्नात तू पोरगी सांभाळणार का चाक? माणसं हसली. मला मात्र हसू येईना. मी आबांना विचारलं, इतकी वर्षं शनवारचं कारण तुम्ही सांगितलं का नाही? ते म्हणाले, देवाचं तेल पुसायला एरवी कोण देतंय? आणि तू इचारलंस कवा? आणि आतून आईचा आवाज आला, म्हणजे माझी इतक्या वर्सांची भगर फुकट गेली म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, आबांनी जिंकलं, गोष्ट संपली. नाही. अवघड ते पुढेच होतं, आणि ते आबांच्या हातात नव्हतं. नाकाला तेल कळलं, पण नाकानं रंग घोटता येत नाही. ऊन उतरायला लागलं होतं आणि त्या दमलेल्या हिरव्याचं मर्म मला सापडेना. सफेदा घातला की तो दुधी व्हायचा. काजळी घातली की मळकट. मी तुकड्यामागून तुकडे ओढत होते, चुलीशी पळत होते, परत येत होते. अण्णा आपल्या गाळ्यात न जाता तिथेच उभे राहिले. टायरवालासुद्धा येऊन गेला आणि दुकानाच्या लांबीरुंदीकडे बघून गेला, ते मी बघितलं. मी आबांना म्हटलं, काहीतरी सांगा की. ते ट्रककडे पाठ करून ओट्यावर बसले होते, मुद्दाम. म्हणाले, "मला दिसत न्हाय ते मी सांगू कसं? तुला दिसतंय. तुझंच बघ." त्या क्षणी मला त्यांचा राग आला. आज मला तो सगळ्यात मोठा मान वाटतो, पण तेव्हा राग आला.

शेवटी आई पीठभरल्या हातानं दारात आली. तिनं चाकाकडे बघितलं, माझ्या तुकड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, अगं तू शेपूच्या मागं काय लागलीस? ही सकाळची शेपू हाय, गार झालेली. त्यात आता तांबूस आलंय. एवढंच म्हणून ती भाकरीकडे परत गेली. तांबूस! हिरव्यात तांबडं घालायचं कुणाला सुचेल? मी हिरमिजीचं नखभर टोक घेतलं, अगदी नखभर, आणि घोटलं. रंगाचा तोरा खाली बसला. मग तेल कमी करून टर्पेंटाइन वाढवलं, म्हणजे वाळल्यावर झळाळी मरेल. तुकडा वाळवला, चाकाशी धरला. या वेळी कुणी बेस म्हटलं नाही. दुपारी सगळे एकदा फसले होते. मी ब्रश नेहमीसारखा आबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही, नुसता हात हलवून चाकाकडे दाखवला. दिवेलागणीच्या आधी मी ठिगळ लावून हात धुतले. रात्री जेवणात खरोखरच शेपू होती, आणि मी भाकरी सोडून तिचा रंगच बघत बसले.

मधे एक सांगून टाकते. पुढे मिरजेला आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा आला. तो लावून घरी आल्या आल्या त्यांनी माझी दोन ठिगळं हुडकून काढली आणि सगळ्या ओळीला दाखवली. हल्ली माझा नातू म्हणतो, आजी, आता यंत्राला खपली दाखवली की ते रंग सांगतं. बरं आहे की. मी त्याला एवढंच विचारलं, खपली पुसून घेतोस का? तो हसला, म्हणाला घेतो. मग झालं तर.

तर त्या रविवारी सकाळी ऊन चाकावर आलं तसं पाटील आले. मागून बायका आल्या, नव्या लुगड्यांच्या, डोक्यावर बोचकी, आणि मधे नवरी, माझ्याच वयाची, झोप न झालेली. त्या ट्रकमधे चढायच्या सोडून चाकाभोवतीच जमल्या, कारण शनिवारची हकीकत रात्रीत सगळ्या बिऱ्हाडाला कळली होती. पाटील उकिडवे बसले. त्यांनी चाक डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, लोटाभर पाणी ओतून बघितलं, ट्रक जरा पुढे घ्यायला लावून सावलीत बघितलं, परत उन्हात बघितलं. ओळीतली सगळी माणसं आपापल्या दारात हुर्योच्या तयारीनं उभी होती. लोहार तर तोंडाशी हात धरून होता. पाटलीणबाई वाकल्या. नवरीही वाकली आणि तिनं एका जागी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं, जुनाच रंग होता. मग अण्णा पुढे झाले. अण्णांनी उभा जन्म रंगात काढलेला, त्यांच्या नजरेतून सुटणं म्हणजे सोपं काम नव्हतं. ते गुडघे टेकून, नाक लावून बराच वेळ बघत राहिले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि सापडलं नाही अशी मान हलवली.

पाटील धोतर झटकत उभे राहिले. विचारलं, पोरी, कुठं लावलंयस? माझ्या तोंडाशी आलं होतं. मी आबांकडे बघितलं. ते ओट्यावर बसून कान देऊन ऐकत होते, मान जरा तिरकी. मी काही न सांगता ब्रश उचलला, फडक्यानं पुसला आणि आत निघून गेले. मागे ओळीत जो गलका उठला तो हुर्योचा नव्हता. लोहारानं ऐरणीवर घण वाजवला, ड्रायव्हरनं भोंगा दाबला, आणि त्या गोंधळात नवरीचा ट्रक निघाला. मी आत चुलीपाशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई म्हणाली, आता रडून रंग पातळ करू नगं.

गलका निवला तशी अण्णांची पावलं ओट्याशी आली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. अण्णांनी चंची उघडली, चुना मळला, आणि खाली बघत विचारलं, टायरवाल्याला काय सांगू रं? तो उद्या येणार हाय.

आबा म्हणाले, "त्याला सांग, जागा मोकळी न्हाय. शालन बसती तिथं."